डोळे मिटून बुडणारा खुशाल

खुशाल ढिवराच्या हातांना तळ्याचा तळ पाठ होता. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो पाण्यात बुड्या मारत आला. कुणाचं अडकलेलं जाळं सोडव, कुणाची पडलेली घागर काढ. अन् बुडायचं ते डोळे गच्च मिटून. बापानंच तसं शिकवलं होतं. पाण्यात डोळा उघडला की माणूस बघत बसतो अन् दम विसरतो, म्हणे.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. मधल्या बेटावर ढोकरी-बगळे घरटी करतात म्हणून तळं राखीव होऊन दोन वर्षं झाली होती. जाळी वळचणीला टांगली गेली. निम्मे ढिवर कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर गेले. खुशाल तेवढा थांबला, कारण आलापल्लीहून बदलून आलेले रेंजरसाहेब म्हणत होते, पाहुणे आणू, बेट दाखवू, पाण्याखालचे मासेही दाखवू. एक वाटाड्या लागेल.

ते जमेल का हे बघायला मुंबईचा एक साहेब आला. लक्षद्वीपच्या बेटांभोवती समुद्रात बुड्या मारलेला गडी. डोळ्यांवर बांधायच्या काचा अन् श्वासाच्या नळ्या घेऊन आला. म्हणाला, "तळात झरा आहे ना? तिथे न्या."

खुशालनं काच बांधली, नळी दातांत धरली, पाण्यात तोंड घातलं अन् दचकलाच. खाली हिरवं, हलणारं रान! ओळखीचं काही लागेना. बेटाभोवती तीन चकरा झाल्या, झरा काही सापडेना.

सोबतच्या डोंग्यात वल्हं धरून बसलेले रेंजरसाहेब वैतागले, "खुशालभाऊ, जन्म गेला ना तुमचा इथे?"

काठावरून त्याची बायको बायनाबाई ओरडली, "अवो, घरची वाट इसरले का? जा मंग कोरपन्याले, उचला सिमेंटच्या गोण्या!"

लोक हसले. खुशालनं काच काढून डोंग्यात टाकली अन् तो मुंबईच्या साहेबाकडं वळला.

"साहेब, मले दिसते, पन समजून नाई राह्यलं. हात द्या इकडं."

"डोळे मिटून नेणार?"

"उघडले म्हनूनच चुकलो ना जी."

साहेबाचं मनगट धरून तो खाली गेला. तळहाताखाली उतरती शिळा आली, मग मऊ गाळ, मग बुडालेलं मोहाचं खोड. डाव्या कानाला गार लागलं. तिथंच तो थांबला.

वर आल्यावर साहेब धापा टाकत बोलू लागला, "खाली रेती उकळतेय! अन् मासे... शेकडो! सगळे एकाच दिशेला तोंड करून!"

खुशाल ऐकतच राहिला. इतकी वर्षं ते मासे त्याच्या अंगाला घासून गेले होते. त्यांची तोंडं कुठं असतात हे आज कळत होतं.

"रंग कसा हाये जी त्याइचा?"

"पाठीवर काळे. कुशीला तांबूस."

"अस्सं!" त्यानं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. मग म्हणाला, "अन् दुसरं तोंड पाह्यलं का?"

"कसलं?"

"झऱ्याले दोन तोंडं हायेत. मोठं तुमच्या पाठीमांगं होतं."

साहेबानं डोंग्याकडं मान वळवली. "रेंजरसाहेब, यांच्याशिवाय कुणाला इथे उतरवू नका," म्हणाला, अन् नळी तोंडात कोंबून त्यानं आपलं मनगट खुशालपुढं केलं.