कौसामावशींचं दार

नवं दार निम्मं आत गेलं आणि वरच्या कोपऱ्यात अडकलं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता.

गेवराईत माझं सुतारकामाचं दुकान आहे. उमापूरच्या दत्ताने सांगितलेलं काम साधं होतं. जुनं दार खालून कुजलेलं, ते काढून त्याच चौकटीत नवं बसवायचं. दत्ता आणि त्याची बायको सुनीता ऊसतोडीला निघाले होते. घरी त्याची आई, कौसामावशी, एकटीच राहणार होती. पडल्यापासून मावशींचा डावा हात कामाचा राहिला नव्हता.

"दार कसंबी बसव," त्या मला म्हणाल्या होत्या, "पर मला एका हातानं उघडाया पायजे. रातच्याला बाहेर जावं लागतंय."

जुनं दार जागेवर असतानाच मी मापं तीन ठिकाणी घेतली होती: वर, मध्ये, खाली. मग अडकलं कशाने? ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. त्याने उभी रेघ सरळ आहे का ते कळतं. कडीकडची बाही, म्हणजे चौकटीचा उभा भाग, वरून आत झुकली होती. चौकटीला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून तुटल्या होत्या. इतके दिवस जुन्या दाराच्या रेट्यानेच ती बाही उभी होती. दार काढलं आणि तिचा आधार गेला.

"मिस्त्री, वरून जरा तासा ना," दत्ता म्हणाला. "बसंल की."

"आज बसेल. उद्या बाही आणखी झुकली तर मावशी आतच अडकतील. मग दार कोण तोडणार?"

तेवढ्यात मुकादम आत आला. टोळी जमवून कारखान्यावर नेणारा तो हाच.

"काय बे दत्त्या, दार बसवतूस का राजवाडा बांधतूस? ट्रक कवाचा उभा हाय!"

मी त्याला बाही हलवून दाखवली. त्याने बाहीकडे पाहिलं, मग मावशींच्या हाताकडे.

"किती येळ लागंल?"

"बाही मागे रेटून भिंतीत बोल्ट मारायचे. मग दार. घाई केली तर पुन्हा हलेल."

"चकलांबा गावची बिऱ्हाडं आधी भरून आनतो," तो म्हणाला. "मागारी येईस्तोवर झालं न्हाई, तर तुमालाबी दारासकट ट्रकात घालीन."

ट्रक गेला आणि मला श्वास घेता आला. दत्ताने बाही मागे रेटून धरली. मागच्या फटीत मी लाकडी पाचरी ठोकल्या आणि ओळंबा पुन्हा लावला. सुनीता विटांवर बोट वाजवत होती. "भाऊ, हितं नका मारू. ही वीट पोकळ हाय." तिने दाखवलेल्या भरीव विटांतच ड्रिल करून लांब बोल्ट आवळले. मग बिजागऱ्या बसवल्या, दार चढवलं. चारी बाजूंना सारखी गॅप. बोटाने ढकललं तरी फिरत होतं.

"झालं," मी म्हणालो.

"तुमचं झालं," मावशी म्हणाल्या. "समदे बाहेर व्हा."

आम्ही अंगणात आलो. त्यांनी आतून दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ट्रक परत आला, हॉर्न वाजला. दत्ताला राहवेना.

"आये?"

"थांब की! कावून वरडतूस?"

कडी वाजली, पुन्हा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. मग दार उघडलं. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, उजवा हात दारावर.

"जावा आता," त्या म्हणाल्या.

दत्ताने गाठोडं उचललं. सुनीता सासूच्या पाया पडली आणि डोळे पुसत ट्रककडे गेली.

मी मुकादमाचे आभार मानायला गेलो. "ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "माझ्या घरचंबी दार घासतंय. मी नसताना जाऊन बघा." मी जाऊन आलो. मजुरी घेतली नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. जुन्या चौकटीचं माप जुनं दार उतरवल्यावरच घ्यायचं. आणि दार बसलं असं मी म्हणायचं नाही. ज्याला ते रोज उघडायचंय, त्याने म्हणायचं.