बयनाबाईनं बोलणं सोडलं

बाजारहत्नूर सोडून डोंगराच्या अंगाला गेलं की खैरगाव लागतं. गावाच्या शेवटाला, कपाशीच्या रानाला खेटून, टिनाच्या छपराचं एक लहान चर्च आहे. आत बाक नाहीत. सतरंज्यांवर एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, आणि दारापाशी चपलांचा ढीग. जमतात ती मोजकीच घरं. पास्टर सुधाकरराव निर्मलकडचे, घरात तेलुगू बोलणारे. मराठी ते इथं आल्यावर शिकले, आणि बरीचशी बयनाबाईच्या गाण्यांतून शिकले.

चर्चात गाणं सुरू करायचं काम बयनाबाईचं. तिला ते कुणी नेमून दिलं नव्हतं. पण तिनं पहिली ओळ उचलल्याशिवाय संतोष ढोलकीवर थाप मारत नसे आणि बाकीचे तोंड उघडत नसत. नवरा लवकर गेला. कापूस वेचून, शाळेत पोरांचा भात रांधून तिनं बंडूला वाढवलं. बंडू आता गुडीहत्नूरपर्यंत ऑटो चालवतो. एवढ्या वर्षांत गावात तिची ओळख म्हणजे तिचा आवाज. जाडसर, लांब जाणारा. वेचणीला गेली की पलीकडच्या धुऱ्यावरून बाया ओरडायच्या, "बयनाबाई, म्हना ना वो कायी!"

मागच्या नाताळात तो आवाज बसला.

थंडीत बसतो तसा बसला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गावातल्या बिनडिग्रीच्या आरएमपी डॉक्टरनं गोळ्या दिल्या. बंडूची बायको सुनयना रोज ज्येष्ठमध उगाळून द्यायची, झोपताना हळद घातलेलं दूध द्यायची. संक्रांत झाली, थंडी ओसरली, खोकलाही थांबला. आवाज परत आला नाही. एका रविवारी बयनाबाईनं गाणं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला तो फाटला, वाळका कडबा जमिनीवरून ओढावा तसा. संतोषचा हात ढोलकीवर तसाच राहिला. शेजारी बसलेल्या रेणुकाबाईनं घाईघाईनं पुढची ओळ धरली आणि कसंबसं गाणं पार पडलं.

"उन्हं लागलं की सुटते घसा," बाहेर चपला घालताना रेणुकाबाई म्हणाली. दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या होत्या. बयनाबाईनं मान डोलावली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि तिला आपल्या थोरल्या बहिणीची आठवण झाली.

रुक्माबाईचं असंच झालं होतं. आधी आवाज बसला. मग भाकर गिळेना. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथं गळ्याच्या खळगीत भोक पाडलं आणि त्यातून ती श्वास घ्यायला लागली. बयनाबाईनंच तिचं सगळं केलं होतं. त्या भोकातून खोकला यायचा, तो ओल्या फडक्यानं पुसायचा. गल्लीतली पोरं दारात यायची बंद झाली होती. रुक्माबाई आरशावर कपडा टाकून ठेवायची. पुढच्या कापसाच्या आधीच ती गेली.

बयनाबाईनं ही भीती कुणालाही सांगितली नाही. तंबाखू तिनं बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी सोडली होती. आपल्याला काऊन होईल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण गळ्यावर हात ठेवून बसायची सवय लागली.

तेवढ्यात भस्म बुधवार आला. ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ तेलुगू मंडळीत श्रमदिनालु म्हणून पाळतात, म्हणून खैरगावातले मराठी लोकही त्याला श्रमाचे, म्हणजे दुःखसहनाचे, दिवसच म्हणतात. कपाळावर राख लावून झाल्यावर सुधाकरराव म्हणाले, "या वर्षी आपण शांत राहून बघू. मन खूप आवाज करतं, त्याला बसवू. आणि प्रत्येकानं एक गोष्ट देवाजवळ ठेवा. सोडताना दुखेल अशी गोष्ट."

कुणी मटण सोडलं. रेणुकाबाईनं चहा सोडला आणि लगेच चेहरा पाडला, तशा बाया हसल्या. संतोषनं मोबाईलवरचे व्हिडिओ सोडले. मग बयनाबाई उठली. उरलासुरला आवाज गोळा करून ती म्हणाली, "मी बोलनं सोडते. ईस्टर होयेपर्यंत."

पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बयनाम्मा," ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांत मोठी वस्तू दिली."

ती खाली बसली. सुटल्यासारखं वाटलं तिला. आता आवाजाविषयी कुणी विचारणार नव्हतं.

पहिले काही दिवस घरात बरं वाटलं. सासू खुणेनं बोलते, टाळी वाजवून बोलावते, याची सुनयनेला मजाच वाटली. बंडू ऑटोत बसणाऱ्या माणसांना अभिमानानं सांगायचा, "आमच्या मायनं मौन धरलं." चर्चात मात्र अडचण झाली. बयनाबाईशिवाय गाणी उठेनात. दोन-तीनदा प्रयत्न करून पास्टरांनी ठरवलं की श्रमाच्या दिवसांत शुक्रवारी गाणी नकोतच. दिवस कलला की सगळ्यांनी यायचं, वचन वाचायचं आणि नुसतं शांत बसायचं.

लोकांना ते आवडलं. भांडकुदळ माणसंसुद्धा डोळे मिटून बसू लागली. बातमी आजूबाजूला गेली. नेरडीगोंड्याहून प्रीती नावाची एक पोरगी तान्हं लेकरू घेऊन आली आणि ते बयनाबाईच्या पायांवर ठेवलं. मग आणखी बाया आल्या. त्या तिच्या शेजारी बसायच्या, हळू आवाजात आपलं दुःख सांगायच्या, आणि ती ऐकते आहे एवढ्यावरच रडून मोकळ्या होऊन जायच्या. जाताना तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायच्या. बयनाबाईला त्या हाताची लाज वाटायची.

आजाराची सगळी लक्षणं उपवासात खपून गेली. ती भाकर खाईना, वरणात कुस्करून तेवढं पिऊ लागली. लोक म्हणाले, उपास कडक धरला. गालफडं बसली, लोक म्हणाले, चेहऱ्यावर तेज आलं. उठताना दम लागायचा, तेव्हा पास्टर स्वतः हाताला धरून उठवायचे.

सकाळी ती घरामागच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायची. फुलं गळायला लागली होती. त्यांचा गोड, कुबट वास सगळीकडं भरलेला असायचा. तिथं ती मनातल्या मनात बोलायची. 'देवा, लोकायले वाटते मी तुले कायी देल्लं. तुले तं मालूम हाय. माह्यापाशी नोहतंच ते.' उत्तराची वाट पाहत ती बसून राहायची. वरून एखादं फूल पदरावर पडायचं. कधी वाटायचं, आता उठावं आणि सुनयनेला सांगावं. ती उठायचीसुद्धा. ओट्यापर्यंत आली की रुक्माबाईच्या गळ्यातली ती खळगी डोळ्यांपुढं यायची, आणि ती झाडू हातात घ्यायची.

त्या शुक्रवारांतल्याच एका शुक्रवारी रेणुकाबाईला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला.

चर्चात सगळे डोळे मिटून बसले होते. दिवसभर तापलेलं छप्पर निवताना टिकटिक करत होतं. त्या टिकटिकीखाली एक बारीक शिट्टी होती. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. रेणुकाबाईनं डोळे उघडून पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि वारा पडलेला होता. शिट्टी यायची, थांबायची, पुन्हा यायची. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की बयनाबाईची छाती वर जाते तेव्हाच ती येते.

पुढच्या शुक्रवारी ती शिट्टी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. संतोषनं डोळे उघडले, बयनाबाईकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. एक लहान मुलगी "आई, काय वाजते?" म्हणाली, तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणी विचारलंच नाही. सगळे मान खाली घालून बसले आणि ऐकत राहिले. श्वास आत जाताना आता करवत लाकडात शिरल्यासारखा आवाज यायचा. बाहेर पडल्यावर माणसं उन्हाविषयी बोलायची, मोहफुलांच्या भावाविषयी बोलायची. नेरडीगोंड्याच्या बाया यायच्या थांबल्या. का थांबल्या तो विषय कुणी काढला नाही.

घरातही सुनयना जागी व्हायची आणि अंधारात ऐकत पडायची. तिनं एकदा बंडूला विचारलं, "आत्याचा श्वास आयकला का तुमी?"

"मौन हाय तिचं. ईस्टर झाला की इचारू," बंडू म्हणाला आणि कूस बदलली. त्याला झोप लागली नव्हती.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, त्याच्या आधीचा शुक्रवार. पास्टरांनी वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि सगळे गप्प झाले. करवत सुरू झाली. आज ती मधेच अडकत होती. एकदा अडकली ती लांबच अडकली. बयनाबाईचे डोळे मोठे झाले, तिनं दोन्ही हातांनी सतरंजी धरली, आणि मग श्वास मोठ्यानं ओढला गेला. चर्चातल्या एकाही माणसानं डोळे उघडले नाहीत.

रेणुकाबाई उठून उभी राहिली.

"बयना, तुह्या गळ्यात काय वाजून राह्यलं?"

"अम्मा," सुधाकरराव हळूच म्हणाले, "मौन आहे."

"मौन गेलं चुलीत, पास्टर! समद्यायले आयकू येऊन राह्यलं. तुमाले नाई येत का?"

सुधाकररावांची नजर सतरंजीवर होती. "येतं," ते म्हणाले. "कधीचं येतं."

मग सगळ्यांनी डोळे उघडले. बायांतून कुजबुज उठली, कुणीतरी रडायला लागलं. बयनाबाईनं रेणुकाबाईला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. बाहेर आली ती नुसती हवा. तिनं पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, तरी हवाच. तेव्हा पहिल्यांदा तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं की आता ठरवलं तरी बोलता येणार नाही. या दिवसांत तिनं एकदाही बोलून पाहिलं नव्हतं.

सुनयना बायांमधून वाट काढत आली आणि तिच्यापुढं बसली. "आत्या, तुमी बोलत नोहत्या, का बोलताच येत नोहतं?"

बयनाबाईनं गळ्याला हात लावला. मग एका बोटानं गळ्याच्या खळगीत छोटं गोल काढलं. सुनयनेला काही कळलं नाही, पण रेणुकाबाईला कळलं. तिनं रुक्माबाईला पाहिलं होतं. तिनं खाली बसून बयनाबाईचा तो हात धरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बंडूनं बयनाबाई आणि सुनयनेला ऑटोनं हायवेवर आणलं आणि तिघं नागपूरच्या बसमध्ये बसली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यात नळी घालून पाहिलं. नळी काढून त्या सुनयनेकडं वळल्या.

"आवाज बसून किती दिवस झाले?"

"नाताळापासून," सुनयना म्हणाली.

"आणि आता आणलंत?" त्या चिडल्या होत्या, मग बयनाबाईकडं पाहून त्यांनी सूर खाली आणला. "आधी आला असतात तर नुसत्या रेडिएशनच्या शेकावर भागलं असतं कदाचित. आता स्वरयंत्र काढावं लागेल, आई. आणि आजच श्वासासाठी गळ्यात वाट करावी लागेल. आजची रात्र अशी काढू देता येणार नाही."

बयनाबाईनं सुनयनेचा हात धरला. सुनयनेला वाटलं ती नाही म्हणेल, उठून जाईल. ती बसून राहिली. मग तिनं मान डोलावली.

ईस्टर तिचा वॉर्डात झाला. सुधाकरराव संध्याकाळी आले. गळ्यातली नळी पाहून ते दारातच थबकले, मग येऊन स्टुलावर बसले. "मी त्याला भक्ती म्हणालो," ते म्हणाले. "सगळ्यांना तुमचं उदाहरण दिलं. ऐकू येत होतं तरी दिलं." बयनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिला सांगायचं होतं की खोटं आधी तिनं केलं. हातवारे करून ते सांगता येईना. तिनं फळांच्या पिशवीतलं एक मोसंबं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांना त्याचं काय करावं कळेना. ते हातात धरूनच बसले.

ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि पाऊसकाळ संपता संपता ती खैरगावला परत आली. गळ्याला पांढरा रुमाल बांधते. पहिल्या दिवशी शेजारची पोरं दारापर्यंत येऊन थांबली, तेव्हा सुनयनेनं त्यांना आत बोलावलं, रुमाल बाजूला करून भोक दाखवलं आणि हे कशासाठी ते सांगितलं. दोघं पळाली. एक पोरगी राहिली आणि विचारत बसली. रेणुकाबाई रोज दुपारी येते, दोघींच्या वाटचं बोलते, आणि चुकीचं बोलली की बयनाबाई तिच्या मांडीवर चापट मारते.

परवा सोयाबीन निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बयनाबाई ओट्यावर मूग निवडत होती. निवडता निवडता तिचा हात मानेच्या डाव्या अंगाला, कानाच्या खाली गेला आणि तिथंच राहिला. तिनं सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ ती अंगणाकडं पाहत बसली. तारेवरचे कपडे हलत होते. आत सुनयना भाकरी थापत होती.

मग तिनं टाळी वाजवली. सुनयना पिठाच्या हातानंच बाहेर आली. बयनाबाईनं तिचं बोट धरलं आणि मानेवर त्या जागी नेऊन दाबलं. कातडीखाली मुगाएवढं काहीतरी घट्ट होतं. बोटाखालून ते सरकत नव्हतं.

सुनयनेनं पुन्हा चाचपलं. बयनाबाई तिच्या चेहऱ्याकडं पाहत होती.

"कधीपासून, आत्या?"

बयनाबाईनं जमिनीकडं बोट दाखवलं. आज.

सुनयनेनं पदराला हात पुसले आणि आत जाऊन बंडूला फोन लावला. त्याचा ऑटो तेव्हा गुडीहत्नूरच्या वाटेवर होता. "पलटवा," ती म्हणाली. "इथून असंच नागपूरले जाऊ."