पालीचा लाल मासा

गोडदेवच्या आमच्या गाळ्यात निऑनचे बोर्ड बनायचे. सगळीकडे एलईडीच्या पट्ट्या आल्या आणि गाळा बंद पडला. बोर्ड भंगारात गेले. किस्से भंगारवाला घेत नाही, म्हणून ते माझ्याकडे साठून राहिलेत. आम्ही तिघं होतो. सावंतभाऊ काचेची नळी आगीवर वाकवायचे, कांबळे वायरिंग करायचा आणि जिथे उजेड नको तिथे नळीला काळा रंग फासायचं थोर काम माझं.

*

नळी वाकवताना नमुना उलटा ठेवतात, आरशात दिसावा तसा. सावंतभाऊंनी तीस वर्षं अक्षरं उलटीच बघितली. मुलीच्या लग्नात मांडवाच्या पांढऱ्या कापडावर नवरा-नवरीची नावं त्यांनी हौसेने स्वतः चिकटवली, ती उलटी! व्याही बघतच राहिले.

"सावंतभाऊ, आतून सावली बरोबर पडतेय," कांबळे म्हणाला.

मग प्रत्येक पाहुण्याला आत नेऊन नावं वाचायला लावली.

*

कांबळे खोटं बोलत नाही. ही तारीफ नाही, तक्रार आहे. वरसाव्याच्या एका हॉटेलवाल्याने त्याला विचारलं, "बोर्ड टिकेल ना?"

"भिंतीला ओल आहे. नाही टिकणार."

ऑर्डर गेली. आमच्या गाळ्याच्या शेठने कपाळाला हात लावला. "अरे कांबळे, एक बार झूठ बोल, तेरा क्या जाता है?"

"सवय नाही, शेठ," कांबळे म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

*

निऑनचा ट्रान्सफॉर्मर चालू असला की बारीक गुणगुणतो. आम्हाला ती नुसती घरघर वाटायची, सावंतभाऊंना त्यातलं सगळं कळायचं. एकदा स्टेशनजवळच्या दुकानाचा बोर्ड फडफडत होता. कांबळे शिडीवर चढणार, तेवढ्यात खाली उभ्या सावंतभाऊंनी डोळे मिटले.

"डावीकडचा दमलाय. उजव्याला हात लावू नकोस."

डावीकडचाच निघाला. मी विचारलं, डोळे कशाला मिटता? तर म्हणाले, "ते मध्ये मध्ये बोलतात."

*

पुढे ते डोळेच गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, झगझगीत उजेड समोर असला तर कदाचित दिसेल, तोही थोडेच दिवस.

"मग एकदा आपला लाल बघून घेतो," सावंतभाऊ म्हणाले. "त्या पट्ट्यांचा नको. निऑनचा."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कांबळे भंगाराची दुकानं पालथी घालायला लागला.

ट्रान्सफॉर्मर भंगारात मिळाला. बसवायला कांबळेने घरातला पाट घेतला. नळी मिळाली पाली गावात, एका कोळीणबाईंच्या पडवीत. बंद पडलेल्या हॉटेलच्या बोर्डावरचा मासा होता तो, सावंतभाऊंनीच वाकवलेला.

"न्या. पन पेटत न्हाय हां तो, नुस्ता शोभेला हाय," बाई म्हणाल्या.

शेपटीजवळचा काळा रंग उडाला होता, तो मी परत मारला. कांबळेने घरी वायर जोडली आणि मासा पेटला. लालभडक! मी स्वतः बघितलाय.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटावर बसवलेला मासा मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने सावंतभाऊंकडे गेलो. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला कांबळे पाट वर उचलून धरत होता.

सावंतभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आधी त्यांनी मासा हाताने चाचपला. शेपटीच्या वळणावर बोट थांबलं. "इथे जरा चुकलंय माझं," म्हणाले. मग मला म्हणाले, "खिडकी लाव. आणि पंखा बंद कर, ऐकू येत नाही."

कांबळेने बटण दाबलं.

मासा पेटला नाही. त्याने बटण बंद करून पुन्हा दाबलं, वायर हलवून बघितली. ट्रान्सफॉर्मरमधून काही आवाज नव्हता. मला कांबळेकडे बघवेना.

सावंतभाऊ मान तिरकी करून बराच वेळ ऐकत होते. मग हात पुढे करून त्यांनी कांबळेचा हात शोधला आणि माशाकडे तोंड करून हसले.

"दिसतोय रे कांबळे. लालभडक आहे."

मी कांबळेकडे बघितलं.

"हो, सावंतभाऊ," कांबळे म्हणाला. "लालभडक."