चौकमास्तरांचे चार भाऊ

चौकमास्तर काही शाळेचे मास्तर नव्हते. शहराच्या जुन्या चौकात गेली एकतीस वर्षं ते परगावच्या लोकांना इमारती दाखवायचे, आणि बंद छत्रीने अशा काही खुणा करायचे की ऐकणाऱ्याला वर्गातच बसल्यासारखं वाटायचं. म्हणून हे नाव. त्यांचे वडीलही हेच काम करत. कामाबरोबर गोष्टही त्यांच्याकडूनच आली होती.

गोष्ट अशी, की चौकाच्या चार बाजू चार सख्ख्या भावांनी बांधल्या. पुढे भावाभावांत फाटलं. धाकट्याने ईर्ष्येने आपल्या कमानी हातभर उंच केल्या, तर थोरल्याने त्याचं तोंड दिसू नये म्हणून आपल्या खिडक्या विटांनी बुजवल्या. उंच कमानी आणि आंधळ्या खिडक्या समोर दिसतच होत्या, मग शंका कोण घेणार? भावाशी अबोला धरलेले गडी मात्र ही गोष्ट ऐकताना उगाच बुटाची लेस बांधायला वाकायचे.

यंदा चौकाची दुरुस्ती निघाली. एका सकाळी आर्किटेक्ट बाईंनी परांचीवरून हाक मारली, "मास्तर, जरा वर येता का?"

मास्तर शिडीचा एकेक दांडा धरत वर गेले. गिलावा खरवडल्यावर उंच कमानीखाली दगडात कोरलेली ओळ निघाली होती. आगीत जुन्या कमानी पडल्या, नव्या तिघा बापलेक गवंड्यांनी उभारल्या. खाली साल.

"आणि त्या खिडक्या?" मास्तरांनी घाबरतच विचारलं.

"त्या बुजवलेल्या नाहीतच. आतून जिना जातो, तिथे खिडकी काढता येईना. बाहेरून भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून नुसत्या चौकटी बसवल्या."

"पण मग भाऊ?"

"कुठले भाऊ, मास्तर? चौकाच्या चार बाजू बांधायला नव्वद वर्षं लागलीत."

मास्तर कसे खाली उतरले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. घरी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "सासऱ्यांनी रचली असेल गोष्ट. लोकांना आवडायची, आणखी काय?"

"बाबांनी? अगं, ते पावसाबद्दलसुद्धा 'पडला असं ऐकलंय' म्हणायचे!"

डोक्याचा पार भुगा झाला तसे ते आत्याकडे गेले. वडिलांची ही बहीण चौऱ्याऐंशी वर्षांची, कानाने मंद, स्मरणाने मात्र तल्लख. मास्तरांनी तिला ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ती मटार सोलायची थांबली.

"वेडा की काय तू? ते चार भाऊ म्हणजे तुझे आजोबा आणि माझे काका! घरावरून भांडले, तेव्हा तुझ्या आजोबांनी धाकट्या काकांच्या बाजूच्या खिडक्या बुजवल्या. मी सात वर्षांची होते, तुझा बाप अकराचा. एकेक वीट त्यालाच उचलून द्यायला लावली. पलीकडे काकांचा मुलगा उभा, दोघांची जिवाभावाची दोस्ती."

"बाबा मला कधी बोलले नाहीत."

"घरी नसेल बोलला. चौकात तर रोज बोलायचा ना?"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. एकतीस वर्षं आपण आजोबांची अब्रू परक्यांसमोर उधळत होतो, की बाबांचं दुःख सांगत होतो?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांनी छत्री वर केली. कमानींचं कसंबसं खरं सांगितलं. खिडक्यांपाशी आल्यावर जीभ घसरली, "या आमच्या आजोबांनी बुजवल्या."

"म्हणजे हे तुमचं घर होतं?" एका बाईने विचारलं.

"हो. म्हणजे, नाही. या बुजवलेल्याच नाहीत."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मास्तर पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. कोणी निघून गेलं नाही. आपण इतिहास सांगितला की घरचं उणंदुणं काढलं, हे मात्र त्यांना उमगेना. आर्किटेक्ट बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इमारतीचं खरं तेवढं सांगा. वडिलांचं तुम्ही ठरवा."

"ठरवता आलं असतं तर विचारायला आलो असतो का?"

रविवारी आत्याकडून नंबर घेऊन त्यांनी त्या चुलत काकांना, म्हणजे पलीकडे उभ्या असलेल्या त्या मुलाला, फोन लावला. काका आता अठ्ठ्याऐंशीचे. आजोबांच्या वतीने मास्तरांनी अडखळत माफी मागितली.

"माफी कसली मागतोस?" काका म्हणाले. "खिडक्या आमच्या वडिलांनी बुजवल्या. विटा मी दिल्या. तुझा बाप पलीकडून बघत होता."

"पण आत्या तर म्हणते..."

"ती लहान होती रे. आणि मी... थांब, अकराचा होतो की बाराचा?" काकांचाही आवाज डळमळला. "तू असं कर, ये इकडे. तिलाही घेऊन ये."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"बोलावलंय," मास्तर म्हणाले.

"अहो, पण खिडक्या कोणी बुजवल्या?"

मास्तर उठून आत्याला घ्यायला रिक्षा शोधायला निघाले.