दहा सेकंद

नामा ठाण्याच्या खाडीकाठचा. बाप दामाजी जाळी टाकायचा. नामाने डिप्लोमा केला आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसला कॉम्प्युटर जोडायच्या कामाला लागला. साल अठ्ठ्याण्णव. यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्या मधला प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो त्याने एकट्याने लिहिला. पत्रा आत सरकला की ड्रायव्हर वाट बघत थांबायचा. डावं बटण, उजवं बटण आणि पुढचा दरवाजा, तिन्हींचा इशारा मिळाला तरच प्रेस खाली यायचा. कायमचं अडकायला नको म्हणून त्या थांबण्याला दहा सेकंदांची मर्यादा होती. एरवी कामगार चार सेकंदांत मोकळे व्हायचे.

एका सकाळी पत्रा साच्यात अडकला. प्रेसवरचा कामगार दगडू दोन्ही हात घालून तो ओढत होता. कुणी काही दाबलं नाही आणि प्रेस धाडकन कोसळला. चार बोटं पत्र्यासकट चिरडली. दगडूचं ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं.

त्याला रिक्षात घालून नेलं आणि त्याचा भाऊ गुणाजी पाना उगारून नामावर धावला. पहिल्याच घावात नामाचे दोन दात पडले.

"सोड त्याला!" कारखान्याचे मालक, शेठ, ओरडले. "तुझ्या भावानेच बटणं दाबून बांधून ठेवली असणार. नामा, तसं लिहून दे, विषय संपव."

नामा रक्त थुंकला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. ओळ सापडायला वेळ लागला नाही. थांबणं दोन कारणांनी संपायचं: तिन्ही इशारे मिळाले म्हणून, किंवा वेळ संपली म्हणून. वेळ संपणं ही त्या सिस्टिमच्या लेखी चूक नव्हती. नामाने मात्र एवढंच तपासलं होतं, की चूक झाली का? नाही ना? मग सोड प्रेस खाली.

त्याने नवा पत्रा आत सरकवला आणि साच्यात बांबूचा तुकडा ठेवला.

"हात मागे घ्या सगळ्यांनी. मोजा."

दहाला प्रेस आदळला. बांबूच्या चिरफळ्या उडाल्या.

"येडा झालास का रे? जेलात जाशील!" शेठ म्हणाले.

"बटणं कुणी बांधली नव्हती, शेठ. चूक माझी आहे. तेच लिहिणार."

"आणि हे तुला आज कळतंय, भडव्या?" गुणाजीने टेबलावरच्या नामाच्या उजव्या हातावर पाना हाणला. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

नामा खाली बसला. त्याने डाव्या हाताने कागद पुढे सरकवला.

"मला आता लिहिता येणार नाही. तू लिही, गुणाजी. मी सांगतो."

गुणाजीने पाना खाली ठेवला आणि पेन मागितलं.