मुरबे गावातलं माझं दुसरं लग्न

आमच्या मंडळात आम्ही पाच-सहा जणी. रविवारी गावोगाव जायचं, म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली जुनी गाणी ऐकायची आणि फोनवर उतरवून ठेवायची, एवढंच काम. पगार नाही, चहा मात्र भरपूर. प्रमुख मी, म्हणजे दारोदार विनवण्या करणं माझ्याकडे.

मुरब्याच्या एका मावशींपुढे माझी मात्रा चालेना. हळदीची गाणी त्यांच्यासारखी कुणाला येत नाहीत, असं पार सातपाटीत ऐकलं होतं. पण बोंबील वाळत घालता घालता मावशी म्हणाल्या, "लगीन नाय न् हलद कशी गाऊ गो बाय? अपशकून व्हतो."

"मग लग्न लावू की."

"कुनाचा?"

"माझंच," मी बोलून गेले.

मावशींच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "तुजा नवरा हाय ना?"

"त्याच्याशीच!"

मावशी एवढ्या हसल्या, की शेजारणी बघायला बाहेर आल्या.

आता नवरदेवाला आणायचं होतं. आमचे हे बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मंडळाला 'रिकामटेकड्यांची फौज' म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर उंबऱ्याबाहेर पडले नसते. म्हणून पुढच्या रविवारी म्हटलं, "मुरब्याला पापलेट ताजं मिळतंय म्हणे." हे पिशवी घेऊन माझ्या आधी तयार.

मावशींच्या अंगणात पाट मांडलेला, भोवती अख्खी आळी जमलेली. "पापलेट कुठंय?" हे विचारेपर्यंत दोघी जणींनी त्यांना पाटावर बसवलं आणि गालांना हळद फासली. मावशींनी सूर लावला. पहिली दोन गाणी जुनी, देवाची. तिसऱ्यापासून मावशींनी जुन्या चालीत आमच्या नवरदेवाला ओवलं. नवरा आला पिशवी घेऊन, डोईवर केस चार मोजून! बायका टाळ्या पिटत होत्या. यांचं तोंड हळदीखालीसुद्धा लाल झालेलं दिसत होतं.

मला वाटलं, आता उठून जातात. पण हे म्हणाले, "मावशी, नवरीवर नाही का एखादं?"

"हाय ना!" मावशींनी माझ्या पातळ कालवणापासून सुरुवात केली ती थेट माझ्या घोरण्यापर्यंत नेली. माहिती कोण पुरवत होतं, ते सांगायला नको. मग पलीकडच्या आळीतली एक आजी उठली. "आमच्यात ही चाल येगली हाय," म्हणत तिनं आपली गाणी सुरू केली. फोनमधली जागा संपली तरी बायका थांबेनात. शेवटी यांनी स्वतःचा फोन पुढे केला.

हळद काही दोन दिवस निघाली नाही. सोमवारी कामावर कुणीतरी विचारलं, "साब, शादी किया क्या?"

"हाँ, दूसरी," हे म्हणाले.

"भाभीजी को मालूम है?"

"वही तो लेके गई थी!"

तेव्हापासून मंडळ कुठल्या गावाला चाललंय, याची चौकशी हे शनिवारीच करतात.