परळ कुठं संपतं?

त्या तपासाचं नाव निघालं की अजूनही मला खुर्चीत धड बसवत नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्याकडचा माणूस तोवर मोठ्या कामाला नागपूरकडे बघायचा. आता राजधानी मुंबई झाली म्हणे, पण मुंबई पाहिलेली माणसं गावोगावी बोटांवर मोजण्याइतकी. मी चिखलीच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वय कमी आणि अंगात घाई फार.

खबर आणली ती साखरखेर्ड्याच्या बाजारात बैलांची दलाली करणाऱ्या आमच्या खबऱ्याने. तिकडच्या एका गावातला म्हातारा शेतकरी बरेच दिवस कुणाला दिसला नव्हता. बायकोलाही न सांगता गेलेला. सख्ख्या पुतण्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचं वाजलेलं होतं, आणि पुतण्यानेच म्हाताऱ्याचा काटा काढला असं गावात उघड बोललं जात होतं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

पोलीस पाटलाला सोबत घेऊन पुतण्याच्या घराची झडती घेतली. माळ्यावर म्हाताऱ्याच्या वहाणा निघाल्या. घरातून गेलेला म्हातारा अनवाणी गेला काय? पंचनामा होईपर्यंत दारात अर्धं गाव जमलं. कुणी कडब्याची गंजी पेटवायची भाषा करत होतं, कुणी विहिरीकडे बोट दाखवत होतं. विहिरीत गळ टाकून पाहिले, काही लागलं नाही. पुतण्याला मी ठाण्यात आणलं ते त्याला अटक करायची म्हणून आणि त्या जमावापासून वाचवायचं म्हणूनही.

पोलीस कोठडी मिळाली. विचारपूस सुरू झाली, पण तो बोलेचना. अनुभवाची गोष्ट सांगतो: कोठडीत आलेला माणूस बहुधा आधी विचारतो, माझं नाव कुणी घेतलं? खरा असो की खोटा, हे विचारतोच. या पठ्ठ्याने एकदाही विचारलं नाही. भाकरी दिली की खायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. जमादार म्हणाला, साहेब, हा पक्का बेरड आहे. मला ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

वरून निरोपावर निरोप येत होते. कोठडीची मुदत संपली की भांडण आणि वहाणा एवढ्यावर खुनाचा गुन्हा कायम करून त्याला पुढे पाठवायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. कलम फाशीचं. मी ठाण्यात येरझारा घालत होतो, शिपायांवर उगाच खेकसत होतो. आमचं ठाणं एसटी स्टँडला लागून. अशाच एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मलकापूरची गाडी स्टँडात शिरली की हा मान वर करतो. बाकी गाड्या येतात-जातात, त्याला सुखदुःख नाही. मलकापूर म्हणजे आमचं रेल्वे स्टेशन.

मी गजांपाशी गेलो आणि विचारलं, "मलकापूरच्या गाडीनं कोण येणार आहे रे?"

त्याचा चेहरा पडला. गजांजवळ सरकून तो म्हणाला, "साहेब, बाहेर बोलनार नसान त सांगतो. मोठे बाबा मंबईले गेले. मीच सोडून आलो त्याहिले मलकापूरले."

मोठे बाबा म्हणजे त्याचा हा चुलता. म्हाताऱ्याला दोन लेकी. मोठी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला दिलेली. धाकटीने मुंबईच्या एका परजातीच्या गिरणी कामगाराशी लग्न केलं, तेव्हा म्हाताऱ्याने भावकीत बसून सांगितलं होतं, पोरगी मला मेली. मोठीच्या सासरच्यांनी तर बजावलं होतं की धाकटीशी संबंध ठेवलात तर हिलासुद्धा परत नेऊन ठेवा. आता धाकटीचं पहिलं बाळंतपण होतं, अवघड होतं, आणि माहेरचं कुणी जवळ नव्हतं. म्हाताऱ्याला राहवलं नाही. मुंबईत लोक हसतील म्हणून वहाणा काढून पुतण्याच्या नव्या चपला घालून गेला, आणि जाताना त्याच्याकडून शपथ घेतली. धुऱ्याचं भांडण कधीच मिटलं होतं, पण ते गावाला कोण सांगणार?

"मी बोललो त मोठ्या ताईचं घर मोडते," पुतण्या म्हणाला. पत्ता विचारला तर एवढंच माहीत, परळ.

मी मुंबई पोलिसांना बिनतारी संदेश पाठवला. परळच्या चाळींत आमच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या खोल्या होत्या. गावाकडचा माणूस गेला की तिथेच पथारी टाकणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. उत्तर आलं, असा इसम त्या खोल्यांत उतरलेला नाही. पोरगा आपल्याला बनवतोय काय? की म्हातारा वाटेतच कुठे गेला?

शेवटी मी म्हातारीकडे गेलो. तिला मुंबईचा पत्ता नव्हता. तो धाकटीकडे गेलाय यावर आधी तिचा विश्वासच बसेना, मग पदर तोंडाला लावून रडली. मी विचारलं, आई, लेकीच्या गावी गेले की हे कुठं उतरतात?

"लेकीच्या गावात नाई उतरत," ती म्हणाली. "तिले लेकरू होईस्तोवर तिच्या गावचं पानीबी पेत नाईत. देऊळघाटले जात त निजाले बुलढान्याले येत."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, हे आमच्याकडे घरोघरी होतं. पण हा बहाद्दर अख्ख्या गावाचं पाणी वर्ज्य करणारा. म्हणजे परळ हे लेकीचं गाव. म्हातारा मुंबईत राहणार, पण परळच्या शिवेबाहेर. आणि भरल्या मुंबईत परळची शीव कुठे आहे हे त्याला कुणाला तरी विचारावं लागणार!

त्याच दिवशी मलकापूर गाठून मी गाडीत बसलो. परळला उतरून हॉटेलवाले, पानवाले, जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटलो: परळ कुठं संपतं, असं विचारणारा एखादा पटकेवाला म्हातारा आला होता का? लोक माझ्याकडे टकमका बघायचे. एकाने मलाच समजावलं की परळ पुलापाशी संपतं. दुसरा म्हणाला, छे, पुलाच्या पलीकडेही परळच. दोघांची जुंपली. पायांचे तुकडे पडायची वेळ आली तेव्हा दादरचा एक पानवाला हसला. म्हणाला, "आला होता. मी सांगितलं की बाबा, हे दादर. तर म्हातारा म्हणे, पक्कं सांगा, यात परळ अजिबात नाही ना? पक्कं कोण सांगणार? तो आणखी पुढे गेला, माहीमकडे."

माहीमला समुद्राच्या काठी एका देवळाच्या ओसरीत तो मला सापडला. शेजारी पाण्याचा तांब्या, पायांत पुतण्याच्या चपला. रोज तिथून परळपर्यंत चालत जायचा, लेकीच्या खोलीबाहेर बसायचा आणि चालत परत यायचा. मासळीच्या वासानं जीव जाते म्हणाला, पण शिवेची चिंता नाही. मला रागही आला होता आणि हायसंही वाटलं होतं. त्याच सकाळी लेकीला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला होता आणि तो तिकडेच निघाला होता.

मी त्याला सांगितलं की तुझ्या खुनात तुझा पुतण्या कोठडीत आहे आणि तू समोर आल्याशिवाय गाव ऐकायचं नाही. तो खाली बसला. मग उठला, तांब्या घेतला. दवाखान्यात डोकावून जाऊ, मी म्हणालो. "नाई साहेब. तिथं गेलो त पाय निघनार नाई," तो म्हणाला. सगळ्या प्रवासात तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि मी डब्यात उभाच राहिलो.

ठाण्यात त्याला गजांसमोर उभं केलं. मला वाटलं होतं, पोरगा रडेल, पाया पडेल. तो झटक्यात उठला आणि पहिलं काय विचारलं, तर, "ताई मोकळी झाली का?"

"अजून नाई. दवाखान्यात नेली अन् मी निघालो."

"मंग आले कायले?" पोरगा भडकलाच. "मी बसलो असतो ना आनखी!"

म्हातारा गज धरून हमसाहमशी रडला. माझेही डोळे भरून आले. मी म्हाताऱ्याचा जबाब स्वतः लिहिला: खासगी कामासाठी मुंबईस गेलो होतो, सुखरूप परत आलो. म्हाताऱ्याला समोर उभं करून गावालाही एवढंच सांगितलं, पोराला सोडलं, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने म्हाताऱ्याला पुन्हा मुंबईसाठी मलकापूरला पाठवलं. पुढे नोकरीत कोठडीत गप्प बसणारे खूप पाहिले. त्यांतले बहुतेक स्वतःसाठीच गप्प होते. तरी प्रत्येक वेळी गजांपाशी जाऊन मी आधी विचारायचो, बाबा रे, तू कोणासाठी गप्प आहेस?